डाव्या कुशीवर

आवडीची मैना, मैनेची ठकू आणि ठकूची मी, मंजुळा. पणजी, आजी, आई आणि मी. ही नावे मी त्या पडदे ओढलेल्या खोलीत अशी खणखणीत उच्चारली, जणू प्रार्थनेनंतर व्यासपीठावर उभी राहून हजेरी घेत होते. कारण मला विचारले गेले होते, आणि विचारलेल्याचे उत्तर स्पष्ट आवाजात द्यावे ही शिस्त मी महाडच्या निम्म्या मुलींना लावली आहे. विचारणारी ऋतिका होती. सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून पेन्सिल चावणारी ही मुलगी आता हृदयाची डॉक्टर झाली आहे, आणि एक आड एक बुधवारी महाडला येऊन आसपासच्या गावांतून पाठवलेल्या गरोदर बायकांच्या हृदयाची सोनोग्राफी करते. लोक त्याला नुसते 'एको' म्हणतात. टेबलावर माझी नात दीप्ती होती. तेहतिसावा आठवडा. पोलादपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायांची सूज पाहिली, तीन पायऱ्या चढून ती कठड्याला धरून थांबते हे पाहिले, आणि चिठ्ठी लिहिली. ऋतिकाने तिला सांगितले, "डाव्या कुशीवर झोप, डावा हात उशाला घे." दीप्ती झोपली, खोकली, उठून बसली. पुन्हा झोपली, पुन्हा उठली, आणि माझ्याकडे पाहून ओशाळून हसली. तेव्हा मी खुर्चीतून म्हणाले, "तिला आग्रह करू नकोस, ऋतिका. आमच्या घरातल्या बायका सातव्या महिन्यापासून आडव्या होत नाहीत." मला वाटले होते, ती कौतुकाने हसेल. पण तिचा हात, त्या जेली लावलेल्या यंत्राच्या तोंडासकट, होता तिथेच थांबला. "आमच्या घरातल्या म्हणजे कोणकोण, बाई?" तिने विचारले.

मी नावे सांगितली, आणि ती एका कोऱ्या कागदावर वर्तुळे काढू लागली. वर्तुळाखाली वर्तुळ, मध्ये उभी रेघ. "आवडी, त्यांना दम लागायचा?" पणजीला दम लागत होता की नाही हे मला कोण सांगणार? मला सांगितले गेले होते ते एवढेच, की पोलादपूरच्या वरच्या वाडीत आवडी सातव्या महिन्यापासून भाताच्या पोत्याला टेकून बसून झोपे, आणि तरीही पहाटे उठून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरे. "मैना?" तीही. "किती वर्षं जगल्या?" तिसाव्या वर्षी गेली. "कशाने?" बाळंतपणात. हे उत्तर मी आयुष्यभर दिले होते. बाळंतपण हे मरणाचे ठिकाण असेल, कारण नव्हे, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचले नव्हते. आणि सुचले तेही ऋतिकाने मान वर करून माझ्याकडे पाहिले म्हणून. तिने मैनेचे वर्तुळ शाईने भरले आणि त्यावर एक तिरकी रेघ मारली. ठकू, माझी आई, म्हातारी होऊन गेली, पण तिचेही वर्तुळ तिने अर्धे भरले. माझे पांढरे ठेवले, कारण मी म्हणाले, "मला काही त्रास झाला नाही." माझ्याखाली तिने आणखी एक वर्तुळ काढले, आणि लेखणी तिथे टेकवून ती थांबली.

ऋतिकाने दीप्तीला उशांचा उतार करून अर्धवट बसते केले आणि तपासणी पुढे सुरू केली. पडद्यावर राखाडी धुके हलत होते. त्या धुक्यात चार पोकळ्या, आणि त्यांच्यामध्ये दोन पातळ पाने उघडत होती, मिटत होती. उघडणे घाईचे होते, मिटणे कंटाळलेले. मला काही कळत नव्हते, पण चाळीस वर्षे मुलींच्या हालचाली पाहिल्यावर एवढे कळते, की कोण जोमाने काम करते आहे आणि कोण केवळ सांगितले म्हणून करते आहे. त्या हृदयाची एक भिंत केवळ सांगितले म्हणून हलत होती. मग ऋतिकाने एक कळ दाबली आणि खोलीत आवाज भरला: सावित्रीच्या काठी दगडावर ओले लुगडे आपटावे तसा, एकामागून एक, ओला, दमलेला. दीप्तीने मान वळवून विचारले, "हे बाळाचं?" "नाही गं, हे तुझं," ऋतिका म्हणाली. आपल्याच आवाजाला आपण परके असावे तशी दीप्ती ऐकत राहिली, आणि मला माझ्या पाठीत, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये, एक जुनी ऊब जाणवली, जिला मी सत्तावीस वर्षे तिथे येऊ दिले नव्हते.

ती ऊब सांगायची तर आमच्या घरची रीत सांगायला हवी. गरोदर बाई बसून झोपते, तर तिची पाठ दुखणारच. म्हणून दुपारी तिसऱ्या प्रहरी तिची आई, आई नसेल तर बहीण, तिच्या पाठीला पाठ लावून बसे. तासभर. बोलायचे नाही, निवडायला घ्यायचे नाही, नुसते बसायचे. 'पाठ देणे' म्हणत आमच्यात. माझ्या वेळी माझी आई वाडीवरून महाडला आली होती, आणि ती रोज पाठ देई. तिची पाठ म्हणजे उन्हात तापलेली भिंत. ती म्हणे, "आपल्या घरात कुनी आडवी पडली नाय गो. आडवं पडायला मागनं सरण हाय." आणि मी, शिकलेली, शाळेत नोकरी करणारी, त्या वाक्याने ताठ होई. जगाने आम्हाला कितीतरी गोष्टी नाकारल्या होत्या. ही एक आमची होती. आमच्या बायका पडत नाहीत. पण खरी गोष्ट अशी, आणि ती मी कोणालाही सांगितली नव्हती, की मला आडवे होता येत होते. सहज, लहान मुलासारखे. घरी मी पोत्याला टेकून बसून झोपत असे, कारण आई पाहत असे. आणि मधल्या सुट्टीत शाळेतल्या नकाशांच्या खोलीत, आतून कडी लावून, महाराष्ट्राचा कापडी नकाशा जमिनीवर अंथरून मी त्यावर गाढ झोपत असे. डोके चांद्याच्या बाजूला, पाय कोकणात. घंटा झाली की केस सारखे करून वर्गावर. मला त्याची लाज वाटे. आपण या घरच्या खऱ्या बाई नाही, सोंग करून निभावतो आहोत, असे वाटे. या घरात मीच तेवढी निरोगी होते, आणि निरोगी असल्याचीच मला लाज वाटत होती.

"दर ठोक्याला हृदयात जेवढं रक्त भरतं, त्यातलं पंचावन्न टक्के तरी बाहेर पडायला हवं," ऋतिका हात पुसत म्हणाली. "हिचं अडतीस पडतंय. गरोदरपणात हृदयाला दीडपट काम असतं, त्यात ते थकलंय. घाबरायचं नाही. बाळ छान आहे, औषधं आजच सुरू करू. पण एक मला नीट कळायला हवं." ती माझ्याकडे वळली. "हे याच वेळी झालेलं असेल, तर बाळंतपण इथे महाडला करू, मी लक्ष ठेवीन, पाचव्या दिवशी घरी. पण हे घराण्यात असेल, आणि कुणी बाळंतपणानंतर गेलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग बाळंतपण मुंबईलाच, आणि नंतर तीन आठवडे तिथून हलायचं नाही. कारण धोका बाळ झाल्यावर वाढतो. दीप्तीची आई कशाने गेली, बाई?" टेबलावरून, गाऊनचे बंद बांधत, दीप्तीनेच उत्तर दिले, "कावीळ. मी अकरा दिवसांची होते." ती हे असे म्हणाली जसे कोणी आपली जन्मतारीख सांगते. ऋतिका माझ्याकडेच पाहत राहिली. "बाई?" आणि मी, मंजुळा, निवृत्त मुख्याध्यापिका, जी दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटे न बोलण्याच्या शीलाला, सर्वांत मोठा आवाज लावते, ती मी म्हणाले, "हो. कावीळ." ऋतिकाने ते वर्तुळ पांढरे ठेवून तिरकी रेघ मारली. दारात ती एवढेच म्हणाली, "मी चारपर्यंत आहे, बाई. काही आठवलं तर फोन करा. अर्ध्या उत्तराला तुम्ही शून्य द्यायचात, ते मी विसरले नाही."

घर जवळ आहे, तळ्याच्या मागच्या आळीत, पण आम्ही रिक्षा केली. दीप्ती खिडकीशी बसून वाऱ्याला तोंड देत होती, आणि मी तिच्या मानेवरची शीर मोजत होते. मला वाटले, अजून काय बिघडले आहे. औषधे तर सुरू होणार आहेत. महाडला काय आणि मुंबईला काय. मला वाटले, सत्तावीस वर्षे ज्या मुलीला मी आई आणि आजी दोन्ही होऊन वाढवले, तिच्यापुढे आता कोणत्या तोंडाने. असे विचार मनुष्य करत नाही, ते होतात, आणि आपण त्यांना खुर्ची देतो. घरात शिरताना भिंतीवरची एकवीसच्या पुराची रेघ नेहमीसारखी दिसली, माझ्या खांद्याच्या वर. त्या पुराने लोखंडी कपाट नेले नव्हते, पण कपाटातले कागद लगदा करून टाकले होते. त्यांत दीप्तीच्या आईचा एक केसपेपर होता. सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरने सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत लिहिलेला: हृदय तपासून घ्यावे, मुंबईस न्यावे. तो मी चार घड्या करून साड्यांच्या खाली ठेवला होता. लगदा बाहेर काढताना मला, इतकी वर्षे गेल्यावरही, थोडे हलके वाटले होते. कागद गेला म्हणजे साक्षीदार गेला. आज कळले की गेला नव्हता, मी होते.

अश्वजित, दीप्तीचा नवरा, पोलादपूरच्या शाळेतून संध्याकाळी येणार होता. दीप्तीला पेज दिली. तिने अर्धी प्यायली, पोत्याशी जाऊन बसली, नव्या भाताचे पोते, वाडीवरून गेल्याच आठवड्यात आलेले, आणि डोळे मिटून म्हणाली, "आजी, पाठ दे ना गो थोडी." मी तिला कधी ते शब्द शिकवले नव्हते. माझी आई दीप्ती दहा वर्षांची होईपर्यंत होती. तिच्याकडून आले असणार. घड्याळात अडीच वाजले होते. शहात्तर वर्षांचे गुडघे हाताने मुडपून मी जमिनीवर बसले, सरकत सरकत तिच्या पाठीशी गेले आणि माझी पाठ तिच्या पाठीला लावली. तिचे वजन हळूहळू माझ्यावर आले, जशी होडी काठाला लागते. आणि मग मला ते ऐकू आले. कानाने नव्हे, हाडाने. ओले लुगडे दगडावर. घाईने, दमून, पुन्हा घाईने. निशाचे, माझ्या लेकीचे, दीप्तीच्या आईचे, असेच असेल. मला माहीत नाही, कारण निशाला मी पाठ दिलीच नाही.

ती वीस मार्च होती. वीस मार्चला महाडात पाय ठेवायला जागा नसते. तळ्यावर देशभरातून माणसे येतात, बाया तान्ही मुले घेऊन येतात, आणि आमच्या अंगणात पाण्याची पिंपे भरून ठेवायची हा माझ्या सासऱ्यांपासूनचा नेम आहे. ज्या तळ्याच्या पाण्यासाठी आमची माणसे मार खात उभी राहिली, तिथे आलेला एकही माणूस तहानेला परत जाऊ नये. त्या दिवशी पिंपांचा कारभार माझ्याकडे होता, जसा सगळ्याच गोष्टींचा असे. निशाला बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते. ती अजून बसूनच झोपत होती. शेजारणी म्हणत, झालं ना आता बाळ, मग आता कशाला, आणि मी निशाला ऐकू जाईल असे म्हणे, "नवीन पिढी, जरा कौतुक हवं असतं." कारण मला ठाऊक होते ना. मला ठाऊक होते की आमच्या घरातल्या बायका खरे म्हणजे आडव्या होऊ शकतात, आणि आईपुढे सोंग करतात. मी केले होते. माझ्या निरोगी हृदयाने मी तिचे हृदय मोजले. दुपारी दोन वाजता मी रिकामी बादली घेऊन आत आले तेव्हा ती पोत्याशी होती, दीप्ती तिच्या मांडीवर. तिचे ओठ जांभळट दिसले होते, हे मला तेव्हाच दिसले होते. नंतर आठवले असे नाही. ती म्हणाली, "आई, पाठ दे गो थोडी. एक तास." एक तास. तिने मागितले ते एवढे. मी म्हणाले, "सोंगं पुरे, निशा. बाहेर माणसं उन्हात उभी आहेत. परत आले की देते." सव्वातीनला मी परत आले. ती पोत्यावरून डावीकडे कलंडली होती, आडवी झाली होती. दीप्ती मांडीवरून घसरून तिच्या हाताच्या बेचक्यात होती, जागी, आणि रडत नव्हती. अंगणात माणसे पाणी पीत होती आणि मला आशीर्वाद देत होती.

तिचा नवरा भरत मुंबईहून आला तेव्हा त्याला मी सांगितले, कावीळ होती, अंगावर काढली. त्याने मान हलवली. दोन वर्षांनी त्याने दुसरे लग्न केले आणि पोर माझ्याकडे राहिले. खोटे असे असते: एकदा बसवले की त्यावर घर चढते.

"दीप्ती," मी म्हणाले. "झोपलीस?" "नाही." "हलू नकोस. मागे पाहू नकोस. मी सांगते ते ऐक." पाठीला पाठ असली की तोंड दिसत नाही. माझ्या आयांनी ही रीत का लावली असेल याचे एक कारण मला त्या दुपारी कळले. मी समोरच्या भिंतीला सांगितले. केसपेपर सांगितला, चार घड्या सांगितल्या. नकाशांची खोली सांगितली. पिंपे, बादली, एक तास. "सोंगं पुरे" हे शब्द मी गाळणार होते, गाळले नाहीत. बोलताना माझा आवाज मला वर्गातला वाटत होता, नीट, विरामचिन्हांसह, आणि त्याची मला किळस आली, पण दुसरा आवाज माझ्याकडे नाही. बोलून झाल्यावर बाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटा वाजली. दीप्तीची पाठ ताठ झाली होती. ती आता उठेल असे वाटले; उठली असती तर मी मागे पडले असते, कारण एवढ्या वेळात मीही तिच्यावर रेलले होते. ती म्हणाली, "आजी, मला तुझा फार राग आलाय." "येणारच." "पण हलू नकोस. मला श्वास घेता येतोय असा." आणि बऱ्याच वेळाने, "किती वाजले?" साडेतीन. "माझा फोन दे इकडे." तिने नंबर लावून फोन मागे, माझ्या खांद्यावरून पुढे दिला. ऋतिकाने हॅलो म्हणण्याआधी मी म्हणाले, "ऋतिका, मघाचे उत्तर चुकले. निशा, माझी मुलगी, वय पंचवीस. बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी. दम, पायांना सूज, ओठ जांभळे. आडवे होता येत नव्हते. डॉक्टरने हृदय तपासायला सांगितले होते. मी नेले नाही." पलीकडून आले, "थांबा, बाई, तो कागद समोर घेते." आणि मला फोनमधून लेखणीचा आवाज आला, कागदावर घासत जाणारा, वर्तुळ भरत जाणारा. मला वाटते, माझ्या मुलीचे रीतसर मरण त्या आवाजात नोंदले गेले. "आता वेगळं ठरवते," ऋतिका म्हणाली. "मुंबई. मी आजच बोलते तिथे." मग म्हणाली, "बाई, वेळेत सांगितलंत." मी म्हणाले, "सत्तावीस वर्षे उशिरा." "दीप्तीसाठी वेळेत," ती म्हणाली. उलट उत्तर देण्याची खोड तिची अजून गेलेली नाही.

चार दिवस दीप्ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारले, "आई पेन्सिल कोणत्या हाताने धरायची?" मी म्हणाले, डाव्या. त्यानंतर रोज एक प्रश्न. आवडीचा रंग, दात कसे होते, रागावली की काय करायची. कावीळ झालेल्या बाईविषयी तिने कधी काही विचारले नव्हते. आता तिला आई मिळाली होती. जानेवारीत मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात मुलगी झाली, अडीच किलोची, रागीट. सहाव्या दिवशी, महाडला असती तर घरी येऊन एक दिवस झाला असता तेव्हा, दीप्तीला श्वास घेता येईना. यंत्र खाटेशीच ढकलत आणले. त्या अडतीसचा आकडा आता तिसाच्या खाली होता. पण डॉक्टर दहा पावलांवर होते, औषधे तयार होती, कारण एका कागदावर एक वर्तुळ भरलेले होते. अश्वजितने फोन केला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. "आजी, ती स्थिर आहे आता. घरी आणली असती तर..." आणि थांबला. मी म्हणाले, "अर्धे वाक्य सोडू नये. घरी आणली असती तर गेली असती." "हो, आजी." "जेवलास का?" "नाही." "मग आधी जेव."

मार्चच्या पहिल्या बुधवारी आम्ही दोघी ऋतिकाकडे गेलो. घराण्यातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी असे तिचे म्हणणे होते, म्हणून आधी मला टेबलावर घेतले. "डाव्या कुशीवर, बाई," ती म्हणाली, आणि मी सरळ कलंडले, एका दमात. दीप्ती कोपऱ्यातून, मांडीवर मुलगी घेऊन, म्हणाली, "बघा डॉक्टर, नकाशा न अंथरताच झोपली!" ऋतिकाला काही कळले नाही; आम्ही दोघी हसलो, आणि पडद्यावर माझी दोन पाने जोमाने उघडत-मिटत राहिली. दोष माझ्यातही असेल, ऋतिकाने सांगितले, पण तो माझ्या अंगी उतरला नाही. मी तो फक्त पुढे पोचवला. माझे वर्तुळ पांढरे राहिले, मध्ये एक ठिपका. मग दीप्ती झोपली. डाव्या कुशीवर, डावा हात उशाला, खोकली नाही. आकडा बावन्न. औषधे अजून बराच काळ, पुढचे मूल विचारल्याशिवाय नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. ऋतिका हे सांगत होती आणि दीप्ती तिथेच, त्या थंड जेलीत, झोपी गेली होती. "झोपू दे," मी म्हणाले. "बाहेर बायका थांबल्यात, बाई." "थांबतील. दहा मिनिटांनी कोणाचे काही जात नाही." मी असे म्हणावे याचे मलाच नवल वाटले.

वीस मार्चला पहाटेपासून माणसे येऊ लागली. पिंपे अश्वजितने भरली, ओळीत मांडली, पेले बांधले. मी ओट्यावर उभी राहून दोनदा त्याला टोकले आणि तिसऱ्यांदा तोंड मिटले. दोन वाजता मी पदर खोचला, आत आले, आणि पोत्याशी सतरंजी घातली. "ये, बस," मी दीप्तीला म्हणाले. ती मुलीला पाजून नुकतीच उठली होती. "आजी, मला आता आडवं होता येतं." "ठाऊक आहे. तरी बस." ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मग घड्याळाकडे, आणि तिला कळले. ती बसली. मी पाठीला पाठ लावली. बाहेर गलका होता, घोषणा होत्या, पेल्यांचा खणखणाट. मला आत ऐकू येत होते ते निराळे: ठोका, थांबणे, ठोका. कोरडे, सावकाश, भरलेले. एकदा कोणीतरी दारात येऊन म्हणाले, "बाई, पिंप रिकामं झालंय," आणि माझे पाय उठण्यासाठी आपोआप गोळा झाले. मी त्यांना पुन्हा पसरले. अडीच झाले. पाठीला रग लागली, मग मुंग्या आल्या, मग पाठ नाहीशीच झाली, आणि तिच्या जागी नुसती ऊब राहिली. मी मनात म्हणाले, निशा, परत आले. सव्वातीनला, ज्या वेळी मी तेव्हा दारात उभी राहिले होते त्या वेळी, मी मागे हात नेला आणि माझ्या बोटांत दीप्तीची बोटे आली. तासाहून पाव तास अधिक. आता तुझे माझ्याकडे काही उरले नाही, निशा. माझे जे तुझ्याकडे आहे ते राहू दे.

मग दीप्ती सतरंजीवर आडवी झाली, आणि मुलीला कुशीत घेऊन तिने सरकून जागा केली. "ये आजी." दार सताड उघडे होते, भर दुपार होती, अंगणात शंभर माणसे होती. मी आडवी झाले. छपराकडे इतक्या वर्षांत मी कधी या बाजूने पाहिले नव्हते. एक कौल बदलायला झाले आहे. बाहेर कोणा बाईने विचारले, "मंजुळाबाई कुठं हायत? दरसाल पान्यापाशी असत्यात त्या." आणि अश्वजितचा आवाज आला, जरासा गोंधळलेला, मग ठाम: "आत आहेत. झोपल्यात."